व्यापाऱ्याची वही एकदा वाचून बघा

पत्राचा गोषवारा: ठाण्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. वय ४३. आयटीतली नोकरी सोडून तीन वर्षांपूर्वी त्यांनी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या बचत गटाचा माल शहरात विकायला सुरुवात केली. नागलीचे पापड, वरई, मोहाचे लाडू, थोडा रानातला मध. गटात १४ बायका. ताईंनी स्वतःचे ४ लाख घातले. वाळलेल्या मोहफुलांना तिथला व्यापारी किलोला ३८ रुपये देत होता, ताईंनी ५० कबूल केले. पैसे ‘माल विकला गेला की लगेच’, म्हणजे साधारण दोन महिन्यांनी. तरी यंदा एप्रिलमध्ये बऱ्याच जणींनी निम्म्याहून जास्त फुलं व्यापाऱ्यालाच घातली. पुढे गणपतीसाठी एका कंपनीची ६०० पाकिटं पापडांची ऑर्डर जुलैत घेतली, त्यातली १७० आली आणि तीही काही दमट. कंपनीसमोर मान खाली घालावी लागली. नवरा म्हणतो, ‘त्यांना धंद्याची सवयच नाही, बंद कर.’ आता ताईंपुढे तीन वाटा आहेत: बंद करावं, दंडाचं कलम घालून करारनामा करावा, की ठाण्यातच गाळा घेऊन पापड करून घ्यावेत. ‘मी त्यांच्यासाठी एवढं केलं, मग त्यांनी असं का केलं?’ हा प्रश्न पत्रात चार ठिकाणी आहे.

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या बाजूने वाचलं आणि वाईट वाटलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन वाचलं. बावीस वर्षं ग्रामीण शाखेत कर्जाच्या टेबलावर काढल्यामुळे ही खोड लागली आहे, राग मानू नका.

आधी मोहाचाच हिशेब करू, कारण तुमचा खरा सल तिथे आहे. एका बाईकडे हंगामात साधारण ६० किलो वाळलेली फुलं निघतात असं तुम्ही लिहिलंय. व्यापाऱ्यापेक्षा तुमचा भाव १२ रुपयांनी जास्त. म्हणजे तुम्हाला माल दिला तर तिला ७२० रुपये जास्त मिळणार, पण दोन महिन्यांनी. आता हे दोन महिने कुठले ते बघा. फुलं वाळून पोत्यात भरेपर्यंत एप्रिल संपत येतो. राब भाजायचं, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन तयार करायचं काम अंगावर असतं. घरावरची कौलं फिरवायची असतात, लग्नसराई चालू असते, आहेर करायचे असतात. मग जून उजाडतो, बियाणं, पोरांच्या वह्या. आणि आषाढात कणगीतलं धान्य तळाला जातं. हा आषाढाचा खड्डा इतका जुना आणि इतका ठरलेला आहे की राज्य सरकारने १९७८ साली त्यासाठी खास खावटी कर्ज योजना, म्हणजे पावसाळ्यात पोटापुरतं कर्ज देण्याची योजना काढली होती. तुमचे पैसे पोहोचतात ते हे सगळे खर्च उरकून ती त्या खड्ड्याच्या काठावर आल्यावर.

व्यापारी काय करतो? दारात येतो, तोलतो, नोटा मोजून हातात ठेवतो. मापात मारतो हे तिलाही ठाऊक असतं. पण त्याच्याकडे एक वही असते. त्या वहीत तिचं नाव असतं आणि नावाखाली मीठ, मिरची, गोडेतेल, मागच्या पावसाळ्यात पोराला सरकारी दवाखान्यात न्यायला रात्री नेलेले दीड हजार. फुलं दिली नाहीत तर ते खातं बंद होतं. तुमच्या ७२० रुपयांसाठी तिने ते खातं बंद करावं, अशी तुमची अपेक्षा होती. नीट विचार करा, तुम्ही केलं असतंत?

मी त्या व्यापाऱ्याची वकिली करत नाही. वहीतलं व्याज कुठे लिहिलेलं नसतं, ते भावात कापलेलं असतं. एप्रिलमध्ये पडत्या भावाने घेतलेली फुलं तोच पावसाळ्यात चढ्या भावाने त्याच पाड्यांवर परत विकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ‘उधारीचं पोतं सव्वा हात रितं’ म्हणतात ते खोटं नाही. शिवाय मोहफुलांचा साठा आणि वाहतूक यांवर वर्षानुवर्षं दारूबंदी कायद्याखाली बंधनं होती. सरकारने ती २०२१ मध्ये सैल केली. तोवर झाड आदिवासीच्या बांधावर, पण पोतं साठवायची सोय व्यापाऱ्याकडे, असा उलटा कारभार चालला. तेव्हा तो धुतल्या तांदळासारखा अजिबात नाही. पण तो एकाच वेळी बँक, रेशनदुकान आणि टेम्पो ही तीन कामं करतो, आणि तुम्ही त्याच्याशी स्पर्धा केलीत ती फक्त भावात.

शाखेत असताना एका बाईला मी मोठ्या तोऱ्यात विचारलं होतं, आमचं कर्ज स्वस्त असताना तुम्ही शेटकडे का जाता? ती हसली. म्हणाली, ‘बाई, तुमची बँक पावसात कुठं असते?’ आमची शाखा पावसातही तिथेच असायची, अकरा किलोमीटरवर, आणि मधला ओढा भरला की ती नसल्यातच जमा.

म्हणून तुमच्या यजमानांच्या वाक्याशी मी अजिबात सहमत नाही. धंद्याची सवय नसलेल्या बायकांनी सगळा माल भावनेच्या भरात तुम्हाला दिला असता. या बायकांनी थोडा तुम्हाला दिला, थोडा त्याला, दोन्ही दारं उघडी ठेवली. सगळं भांडवल एकाच गिऱ्हाइकाच्या शब्दावर लावू नये, हे त्यांना कुठल्या शिबिरात शिकवावं लागलं नाही.

आता तुमच्या ४ लाखांकडे येऊ. खर्चाची यादी तुम्ही प्रामाणिकपणे दिलीत: वेबसाइट, फोटो, पाकिटांची छपाई, प्रदर्शनातले गाळे, इन्स्टाग्रामवरच्या जाहिराती. गटाला आगाऊ दिलेली रक्कम या यादीत मला कुठेच सापडली नाही. १४ बायकांची ६० किलोप्रमाणे ८४० किलो फुलं होतात. किलोला ४५ धरले तर ३७,८०० रुपये. चाळीस हजारांची रोकड आणि एक खरा तराजू घेऊन तुम्ही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पाड्यावर जाऊन बसला असतात, तर ५० चा भाव देण्याचीही गरज नव्हती. भाव वाढवून देणं सोपं असतं, कारण तो विक्रीनंतर द्यायचा असतो. रोख नेऊन देण्यात जोखीम आपली. इतकी वर्षं ती जोखीम उचलायला कोणी तयार नाही, म्हणून तो व्यापारी टिकून आहे.

पापडांचं तर सरळ आहे, आणि त्यात चूक शंभर टक्के तुमची आहे. नागली दळायची, पीठ वस्त्रगाळ करायचं, उकड काढायची, लाटायचं आणि मग कडक ऊन खायला घालायचं. हे काम फाल्गुन-चैत्राचं. जुलैत मोखाड्यात ऊन कुठून आणणार? त्यात जुलै म्हणजे आवणी. पहाटे भाकऱ्या करून घरातली झाडून सगळी माणसं चिखलात उतरतात, दिवसभर पाठ मोडून भात लावतात, डोक्यावर घोंगडी नाहीतर प्लास्टिकचा कागद. ते पंधरा-वीस दिवस चुकले तर वर्षाचं भात गेलं. त्या दिवसांत तुम्ही फोन करून ६०० पाकिटं मागितलीत आणि तरीही १७० आली. कुणीतरी चुलीच्या धगीवर पापड वाळवले असणार, म्हणून दमट. मला तर त्या १७० पाकिटांचंच नवल वाटलं. ती का आली असतील, याचाही विचार करा. तुमच्यावर त्यांचा लोभ आहे, ताई. नसता तर एकही आलं नसतं.

आता जरा अवघड भागाकडे. ‘मी त्यांच्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य मी प्रत्येक वेळी पेन्सिलने अधोरेखित केलंय. पापडांचं पाकीट १४० रुपयांना विकताय, गटाला ६२ देताय. मधल्या ७८ रुपयांत तुमची गाडी, पाकीट, नासाडी, गाळ्याचं भाडं, सगळं येतं. तुम्ही लुटताय असं मी मुळीच म्हणत नाही, ठाण्यात दुकान चालवणाऱ्या कोणालाही हा हिशेब पटेल. पण गटातल्या बायकांना १४० हा आकडा माहीत आहे का? अन्नपरवान्याची नोंदणी कोणाच्या नावावर आहे? ब्रँडचं नाव कोणी ठेवलं, ते कोणाच्या मालकीचं? उद्या तुम्हाला कंटाळा आला आणि तुम्ही बंद केलंत, तर तीन वर्षांनी त्यांच्या हातात काय राहील? एकाही गिऱ्हाइकाचा नंबर त्यांच्याकडे नसेल तर उत्तर सरळ आहे: काही नाही. मग हा तुमचा उद्योग झाला आणि त्या तुमच्या पुरवठादार झाल्या. त्यात वाईट काहीच नाही! पुरवठादाराशी चोख वागणारे दुकानदार मला फार आवडतात. फक्त त्याला ‘आदिवासी उद्योजिका घडवणं’ म्हणू नका, आणि मग त्यांच्याकडून उपकारांच्या परतफेडीची वाट बघू नका.

हा गोंधळ फक्त आपल्याकडे नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून केंद्र सरकार आपल्या कंत्राटांतला ठरावीक वाटा तिथल्या मूळनिवासींच्या उद्योगांना देतं. वाटा ठरला तसे चेहरे भाड्याने मिळू लागले. कागदावर मालक मूळनिवासी, नफा आणि निर्णय दुसऱ्याकडेच. तिथे या प्रकाराला ‘ब्लॅक क्लॅडिंग’ असं नाव पडलंय, आणि मालकी नेमकी किती टक्के, कारभार कोणाच्या हातात, यावर नियम कडक करायची वेळ आली. आपल्याकडेही २०१२ चं खरेदी धोरण आहे. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी खरेदीतला ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. तुमचा गट या दारात उभा राहू शकतो. पण उद्योगाची नोंदणी तुमच्या नावावर असेल तर ते दार बंद. मालकीचा प्रश्न मी भावनेपोटी काढत नाहीये, त्यात असा रोकडा व्यवहार आहे.

मालकी म्हटलं की मला मेंढा (लेखा) आठवतं. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं गोंडांचं छोटं गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्यात बांबूही होता. पण वाहतूक परवाना वनखात्याकडे, त्यामुळे स्वतःचाच बांबू गावाबाहेर नेऊन विकता येईना. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि ग्रामसभा दोन वर्षं भांडत राहिले. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर बांबूचा लिलाव ग्रामसभेच्या अटींवर होऊ लागला, पैसा ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागला. कोणी त्यांना पॅकेजिंग शिकवलं नव्हतं. एक पावती पुस्तक कोणाच्या हातात असावं, एवढ्यावर ती लढाई होती. पुढे त्याच जिल्ह्यातल्या कोरची भागातल्या ग्रामसभांनी तेंदूपत्त्याच्या, म्हणजे विडीच्या पानांच्या बाबतीत हेच केलं, एकत्र येऊन ठेकेदारांशी थेट भाव ठरवले.

तुमच्या पाड्याला, किंवा त्या महसुली गावाला, सामूहिक वनहक्क मिळालाय का? मोखाडा अख्खा अनुसूचित क्षेत्रात येतो, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्तीचे अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे. तीन वर्षांत हा प्रश्न तुम्ही विचारला नसेल, अशी मला शंका आहे. विचारा. मध आणि मोह कुठल्या जंगलातून येतो आणि त्या जंगलावर कोणाचा शब्द चालतो, यावर पुढचं बरंच ठरतं.

आणि एक बोच. लाडू-पापड आपल्याला आवडतात, कारण ते आपल्या ताटात बसतात, फोटो सुंदर येतो. पण शहापूरकडच्या कातकरी तरुणांनी काय केलं ते बघा. रानातली गुळवेल गोळा केली, वाळवली, आणि वनधन केंद्रामार्फत, म्हणजे रानमाल गोळा करून विकणाऱ्या गटांच्या सरकारी योजनेतल्या केंद्रामार्फत, मोठ्या औषध कंपन्यांना टनावारी विकली. त्याला ना गोंडस पाकीट, ना इन्स्टाग्राम. ऑर्डर मोठी, माल एकाच प्रकारचा, दर्जा तपासता येण्याजोगा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातला बाळहिरडा, म्हणजे औषधात लागणारा कोवळा हिरडा तसाच, दिसायला काळा-सुरकुतलेला, पण महादेव कोळी घरांचं वर्षाचं नगद पीक. तुमच्या गटाकडे असं कंटाळवाणं पण खात्रीचं काही आहे का, हेही त्यांनाच विचारा. मोहाच्या लाडवांचं कौतुक मलाही आहे, पण सोसायटीतली माणसं लाडू एकदा कौतुकाने घेतात, दुसऱ्यांदा आठवण करून दिल्यावर घेतात. पापड मात्र दरवर्षी संपतात.

आता तुमच्या तीन वाटा.

बंद करायचं असेल तर खुशाल करा, त्यात पाप नाही. चार लाख ही काही थोडकी रक्कम नव्हे. पण एका हंगामाची मुदत द्या, बाकी चुकती करा, आणि नियमित घेणाऱ्या वीस-पंचवीस गिऱ्हाइकांची गटाच्या अध्यक्षांशी फोनवर गाठ घालून द्या. अचानक फोन उचलणं बंद करणाऱ्या शहरी ताई-दादांची त्या भागाला सवय आहे. त्यांच्यात तुमची भर नको.

दंडाचा करारनामा नको. वसूल कोणाकडून करणार, ज्यांच्याकडे तुमचा एक रुपया आगाऊ नाही त्यांच्याकडून? शिवाय जमिनी गिळणारे कागद त्या पट्ट्याने पिढ्यानपिढ्या पाहिलेत. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून १९७४ साली कायदा कडक करावा लागला, तो उगाच नाही. सही-अंगठ्याचा कागद पुढे आला की तिथे माणसं गप्प होतात, आणि ते शहाणपण आहे. त्याऐवजी एक साधी दरपट्टी लिहा, मराठीत, एका पानावर: कुठला माल, कुठल्या महिन्यात, काय भावाने, किती आगाऊ, बाकी किती दिवसांत. एक प्रत त्यांच्याकडे. दंडाचं कलम घालायची हौसच असेल तर पहिलं स्वतःला लावा. कायद्याने छोट्या उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. बाजाराच्या दिवशी व्यापारी ते तिथल्या तिथे देतो. तुम्ही आठ दिवस म्हणा, आणि नववा दिवस उजाडला तर पाकिटामागे दोन रुपये जास्त.

ठाण्यातला गाळा? चालेल की. पापड वेळेवर होतील, ओव्हनमध्ये वाळतील. पण मग तो ठाण्यातला पापड झाला. नागली मोखाड्याची घ्या, तसं छापा, आणि ‘आदिवासी महिलांनी बनवलेले’ हे शब्द काढा.

माझं मत विचारलंत तर चौथी वाट. माल कमी करा. पापड आणि मोह, दोनच. वरई घरी खायला राहू द्या. दिवाळी-गणपतीच्या ऑर्डरी कंपन्यांकडून माघात घ्या. ‘आत्ता नक्की करा, सप्टेंबरात माल मिळेल’ असं स्पष्ट सांगा. नाही म्हणणारे म्हणोत. ६०० पाकिटांचे गटाला ३७,२०० रुपये होतात, त्यातले निम्मे फाल्गुनात रोख द्या, उरलेले माल उचलताना. माल एप्रिल-मेमध्येच ठाण्याला आणून कोरड्या डब्यांत ठेवा. साठवणुकीची जोखीम तुमची, कारण कोरडं घर तुमच्याकडे आहे. मोहाला एप्रिलअखेर चाळीस हजार रोख. आणि जमलं तर वीस-पंचवीस हजारांचा एक पावसाळी निधी गटाच्याच खात्यात ठेवा. आषाढात त्यातून त्यांनीच एकमेकींना द्यायचे, पुढच्या हंगामात फेडायचे, व्याज काय ते त्या ठरवतील. तुम्ही त्या बैठकीला बसू नका. व्यापाऱ्याच्या वहीला उत्तर द्यायचं तर ते दुसऱ्या वहीनेच देता येतं, आणि ती वही त्यांच्या हातातली हवी. एवढं करूनही काही जणी थोडी फुलं त्याला घालतीलच. घालू द्या.

सरकारी योजनांबद्दल तुम्ही विचारलंत. नाशिकचं शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ आहे. राष्ट्रीय अनुसूचित जनजाती वित्त महामंडळाची आदिवासी महिलांसाठी ४ टक्के व्याजाची योजना आहे. अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचत गटांना केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत, ती अजून चालू असेल तर, सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं. वनधन केंद्र मोठं असतं, साधारण पंधरा गट मिळून ३०० जण, तेवढी मोट बांधता येत असेल तरच त्या वाटेला जा. अर्ज गटाच्या नावाने होईल, तुम्ही फक्त कारकून. जातीचे दाखले, सातबारा, खात्याची पासबुकं, छायाप्रती, तालुक्याच्या खेपा, हे सगळं कंटाळवाणं काम तुम्हाला नोकरीमुळे सरावाचं आहे. तुमची खरी मदत तिथे होईल, वेबसाइटने नव्हे. पण अनुदानातून यंत्र मिळतंय म्हणून यंत्र घेऊ नका. एका गावात मी पीठ दळायचं मोठं यंत्र ताडपत्रीखाली दोन पावसाळे पाहिलं. थ्री फेज वीजच नव्हती. त्यावर कोंबड्या बसायच्या.

तुमच्यासारखी आणखी पत्रं येतात, म्हणून त्या वाचकांसाठीही दोन शब्द. कंपनीत खरेदी खात्यात असाल तर दिवाळीच्या भेटवस्तूंसाठी ऑक्टोबरात धावाधाव करू नका. मार्चमध्ये निम्मे पैसे देऊन ऑर्डर द्या, आणि साठ दिवसांनी बिल देण्याचा नियम अशा गटांसाठी बाजूला ठेवा. बचतीतले लाखभर कुठे चांगल्या कामी लावायचे असतील तर नवा ब्रँड काढण्याआधी चालू असलेल्या एखाद्या गटाला खेळतं भांडवल हवंय का ते विचारा. आदिवासी जमीन गहाण ठेवून कर्ज काढणं कायद्याच्या बंधनांमुळे सोपं नसतं. ती बंधनं असायलाच हवीत, पण त्यामुळे बँका हात आखडता घेतात आणि नेमकी खेळत्या पैशांचीच चणचण राहते. आणि नुसते गिऱ्हाईक असाल तर घासाघीस करा, हक्काने करा, पण पैसे तिथल्या तिथे द्या.

शेवटी त्या पाकिटांविषयी. ९०० छापील पाकिटं उरलीत, त्यांचं काय करू असं तुम्ही ताजा कलममध्ये विचारलंय, फोटोही जोडलाय. फोटो मोठा करून पाहिला. वारली चित्र आहे: तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा माणूस, भोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. पुण्याच्या डिझायनरने नेटवरून घेतलं, असं तुम्हीच लिहिलंय. गटात ठाकर आणि महादेव कोळी बायका आहेत असंही लिहिलंय. म्हणजे वारली एकही नाही. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. ‘आदिवासी’ म्हटलं की डकवायचा तो शिक्का नव्हे. तेव्हा ही पाकिटं आत सुटे पापड बांधायला वापरून संपवा, छापील बाजू आतून. नवीन छापायची तेव्हा चित्र वारली शैलीचं हवंच असेल तर डहाणू-तलासरीकडच्या एखाद्या वारली चित्रकाराकडून काढून घ्या, मोबदला देऊन, खाली त्याचं नाव घालून. नको असेल तर साधं पाकीट चांगलं. नाव काय असावं ते मात्र बायकांना विचारा, आवणी उरकल्यावर, पोळ्याच्या सुमारास जाऊन, निवांत चहा पीत. मला त्या भागातली माणसं थोडीफार ठाऊक आहेत, म्हणून सावध करते: तुमचं मन राखायला त्या पहिल्यांदा ‘ताईंचे पापड’ असं सुचवतील. नको म्हणा.